आवाज बंद ठेवण्याचे दिवस

सप्टेंबर लागला की गाडीतला रेडिओ मी जरा जपून लावते. अ‍ॅशबर्नमधल्या माझ्या आताच्या घरापासून मी काम करते त्या शाळेपर्यंत पंचवीस मिनिटं लागतात, आणि जुनी रॉक गाणी लावणाऱ्या स्टेशनवर आठवड्यातून एकदा तरी ते गाणं लागतंच. सुरुवातीची गिटार लगेच ओळखू येते. पहिलं कडवं मी ऐकते, दुसरंही ऐकते. मग ड्रम थांबतात, गायक श्वास घेतो, आणि त्याचा तो प्रसिद्ध वरचा स्वर यायच्या आत माझा हात बटणापाशी पोचलेला असतो. हा वेडेपणा आहे हे मला कळतं. ते रेकॉर्डिंग मी बालवाडीत असतानाचं आहे. त्या दिवशी स्टुडिओत त्याचा तो स्वर लागला होता आणि तो आता कायमचा लागलेला आहे, माझ्या ऐकण्याने त्याला तडा जाणार नाही. तरी मी रेडिओ बंद करते आणि पुढच्या सिग्नलपर्यंत परत लावत नाही.

त्याचं नाव इथे लिहिणार नाही. तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं, कारण तो पेशंट होता आणि मी त्या क्लिनिकमधली विद्यार्थिनी. एवढंच सांगते, की इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका बंदराच्या गावातल्या चार मुलांनी काढलेला बँड होता, आणि तो त्यांच्यातला गाणारा. मला त्याचं नाव कळलं ते नागपूरला, शाळेच्या बसमध्ये. आमची कॉन्व्हेंट शाळा. मागच्या सीटवरच्या मुली एका वॉकमनचे दोन इअरफोन वाटून घ्यायच्या आणि डोळे मिटून माना हलवायच्या. मी पुढे, ड्रायव्हरकाकांच्या मागे बसायची. त्या मुलींनी मला कधी इअरफोन दिला नाही, मीही मागितला नाही. त्याचं गाणं मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्या बेसूर गुणगुणण्यातून.

नंतर एकदम तीन वर्षांपूर्वीचा सप्टेंबर. मी शिकागोत स्पीच थेरपीच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि शॉमबर्गला मावशीकडे राहत होते. मावशीच्या दारासमोरच्या मेपलच्या एकाच फांदीला लाल रंग चढला होता, बाकीचं झाड हिरवंगार. सकाळी स्वेटर लागायचा आणि दुपारी तो हातात घेऊन फिरावं लागायचं. माझी प्रॅक्टिकलची पाळी व्हॉइस क्लिनिकमध्ये होती. शिक्षक, पाद्री, कॉल सेंटरमधली माणसं, असे बोलून बोलून घसा खराब झालेले लोक तिथे यायचे. आमच्या सुपरवायझर बाईंचं नाव कॅरल. सगळे विद्यार्थी त्यांना सरळ कॅरल म्हणायचे. माझ्या आईच्या वयाच्या बाईला नावाने हाक मारणं मला जमेना, आणि मॅडम म्हटलेलं त्यांना आवडेना. त्यामुळे पहिले काही आठवडे मी त्यांना कुठलीच हाक मारली नाही. त्यांचं लक्ष माझ्याकडे जाईपर्यंत दारात उभी राहायची.

एका सोमवारी त्यांनीच मला आत बोलावलं. टेबलावर एक फाइल होती आणि फाइलवर ते नाव होतं. माझे कान गरम झाले. आदल्याच्या आदल्या रात्री दुसऱ्या एका शहरात गाताना, त्या वरच्या स्वरावर, त्याच्या स्वरतंतूमधली एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती. स्वरतंतू लाल झाला होता. यावर पहिला उपाय एकच, तो म्हणजे संपूर्ण गप्प राहणं. बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही, खाकरायचं नाही. दोन आठवडे. रक्त शोषलं गेलं तर आवाज परत येतो. त्या काळात पुन्हा ताण पडला तर व्रण राहू शकतो, आणि व्रण राहिलेला स्वरतंतू पूर्वीसारखा कंप पावत नाही. तो जवळच्या हॉटेलात राहणार होता आणि सोमवार, बुधवार, शुक्रवार मागच्या दाराने क्लिनिकला येणार होता. श्वासाचे व्यायाम, पाणी, वाफ, आणि अर्धा तास कुणीतरी सोबत.

कॅरल म्हणाल्या, "ते काम तू करायचंस. बाकीची मुलं प्रश्न विचारतात. प्रश्न विचारला की माणसाच्या तोंडून उत्तर निघून जातं."

माझ्या गप्प राहण्याचा कुणाला उपयोग होईल असं मला तोवर वाटलं नव्हतं. शाळेच्या प्रगतिपुस्तकात दर वर्षी तोच शेरा असायचा, वर्गात बोलत नाही. त्या दिवशी मी शॉमबर्गला परत आले ती काहीतरी बक्षीस मिळाल्यासारखी, आणि ते कुणाला दाखवायची सोय नव्हती.

त्याची कारकीर्द मला पहिल्यांदा कळली ती त्याने भरून दिलेल्या फॉर्मवरून. आमचा फॉर्म सहा पानांचा होता. इतर लोक त्यात हो-नाही लिहून मोकळे होतात. त्याला बोलता येत नव्हतं म्हणून की काय, त्याने समासातसुद्धा लिहिलं होतं. वय त्रेचाळीस. व्यवसाय, गाणं. कधीपासून? अकराव्या वर्षापासून चर्चमध्ये, सतराव्यापासून पबमध्ये. घरी मोठ्याने बोलावं लागतं का? या प्रश्नापुढे त्याने लिहिलं होतं, की वडील जहाजं बांधायच्या कारखान्यात होते, लोखंडावर हातोडे पडून पडून त्यांचे कान गेले होते, त्यामुळे आमच्या घरात मीठ मागायचं तरी ओरडून मागावं लागायचं. लोकांना वाटतं मी ओरडायला स्टेजवर शिकलो, मी जेवणाच्या टेबलावर शिकलो.

मग अल्बम, दौरे, वर्षाला दीडशे-दोनशे कार्यक्रम. एकदा भांडण होऊन तो बँडमधून बाहेर पडला आणि दोन वर्षं एकटा गायला. त्या रेकॉर्ड कुणी घेतल्या नाहीत. पुढे त्याने लिहिलं होतं, त्या दोन वर्षांत आवाज सगळ्यात चांगला होता. शेवटी परत बँडमध्ये. आणि सगळीकडे, प्रत्येक रात्री, ते गाणं. बावीस वर्षांचा असताना मित्रांना हसवायला म्हणून तो एका ओळीत तितका वर गेला होता. गंमत म्हणून लावलेला स्वर लोकांना इतका आवडला की पुढची एकवीस वर्षं त्याला रोज तिथवर जावं लागलं. मी ते पान पुन्हा पुन्हा वाचलं. आपण एकदा काहीतरी चांगलं करावं आणि मग तेवढंच आपल्याकडे मागितलं जावं, याची मला भीती वाटली. माझ्याकडे तसं काही नसतानाही वाटली.

फोटोत दिसायचा त्यापेक्षा तो बुटका होता. केस विरळ, डोळ्यांखाली पिशव्या, अंगात राखाडी स्वेटर. गळ्यात दोरीने अडकवलेली एक छोटी पांढरी पाटी आणि पेन. आल्यावर मान तुकवायचा. मी व्यायाम दाखवायची, तो करायचा. मग आम्ही खिडकीपाशी बसायचो. खाली पार्किंग लॉट होता. कुणी गाडी उलटी घेताना चुकलं की तो भुवया उंचावून माझ्याकडे बघायचा. एवढंच. दोघांनाही ते बरं वाटत असावं. निदान मला वाटत होतं.

घरी मात्र दुसराच गोंधळ चालू होता. मावशीची मुलगी सई तेव्हा सोळा वर्षांची होती आणि तिच्या खोलीच्या दारावर त्याचा पुरुषभर उंचीचा फोटो होता. तिच्याकडे त्याच्या शिकागोच्या कार्यक्रमाचं तिकीट होतं. आजारपणामुळे कार्यक्रम पुढे ढकलला अशी दोन ओळींची बातमी आली आणि सई दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसून इतर चाहत्यांचे तर्क वाचत राहिली. कुणी म्हणत होतं दारू, कुणी म्हणत होतं घटस्फोट. मावशी म्हणाली, अगं एवढं काय, तुझ्या आजोबांच्या वयाचा आहे तो. सई म्हणाली, "आई, ही इज फॉर्टी-थ्री. बाबा इज फॉर्टी-एट." काकांनी पेपर खाली केला आणि परत वर घेतला.

मग ती माझ्याकडे वळली. "ही हॅज नेव्हर ड्रॉप्ड द की, ताई. नेव्हर. बाकी सगळे वय झालं की खालच्या पट्टीत गातात. ही डझन्ट."

मी भाजी निवडत होते. मी म्हटलं, हो का.

आता आईबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे चातुर्मासात आईचा मुक्याने जेवायचा नेम असतो. फक्त रात्रीचं जेवण, पण चारही महिने. पहिला घास घेतल्यापासून आचवेपर्यंत शब्द बोलायचा नाही, आणि बोललं तर ताटावरून उठायचं, मग त्या रात्री काही खायचं नाही. आई बँकेत काउंटरवर होती, दिवसभर लोकांशी बोलायची, म्हणून बाबा म्हणायचे की हा नेम देवासाठी नसून घशासाठी आहे. पण मुक्याने म्हणजे शांततेत, असं कुणी समजू नये. आईचे हुंकार चार घरं ऐकू जायचे. आखूड हुं म्हणजे मीठ दे. दोनदा हुं-हुं म्हणजे पुरे, वाढू नकोस. शेवट वर नेलेला हुं म्हणजे दारावर कोण आहे बघ. नाकातून लांबवलेला म्हणजे बाबांना उद्देशून, आणि त्याचा अर्थ बाबा जाणोत. मला ते सगळे कळायचे. बाबांना कळायचे नाहीत, ते लोणच्याऐवजी पाणी द्यायचे आणि आई डोळे वटारायची. मी दुभाष्याचं काम करायची. लहानपणी घरात माझं महत्त्व होतं ते वर्षातले हे चार महिने.

दुसऱ्या आठवड्यातला शुक्रवार. सकाळपासून पाऊस नव्हता, ऊनही नव्हतं, आभाळ नुसतं करड्या रंगाचं. व्यायाम झाले. तो खिडकीपाशी बसला, पाटी पुढे ओढून त्याने लिहिलं, "तू नेहमीच अशी गप्प असतेस? मला तर डॉक्टरांनी सांगितलंय."

मला हसू आलं. आणि का कोण जाणे, मी त्याला आईबद्दल सांगितलं. कॉलेजमध्ये कुणाला सांगितलं नव्हतं, इंग्रजीत तर कधीच नव्हतं. इंग्रजीत सांगताना ते आणखी मजेदार वाटायला लागलं. मिठाचा हुं, पुरेचा हुं, बाबांचा हुं, सगळे मी करून दाखवले. त्याचे खांदे हलायला लागले. मग त्याने ओठ मिटले आणि आखूड हुं केला. मी टेबलावरचा पाण्याचा ग्लास त्याच्याकडे सरकवला. त्याने मान हलवली, परत केला, आणि मी पेन दिलं. दोनदा हुं-हुं, म्हणजे नको. शेवट वर नेलेला, दाराकडे बघत. मी उठून खरंच दार उघडून पाहिलं आणि आम्ही दोघं हसलो, तो आवाज न करता. दहा मिनिटं तरी हे चाललं होतं, कदाचित पंधरा. खोलीतल्या खोलीत मला नागपूरचं स्वयंपाकघर दिसत होतं. मी फार खुश होते. निघताना त्याने दारातून एक लांबट, नाकातला हुंकार दिला, आणि मी बाबांसारखा चेहरा केला.

संध्याकाळी सहाला आम्ही जेवायला बसलो. काका माझ्या ताटात भात वाढायला लागले, माझ्या तोंडात घास होता, मी हुं-हुं करून नको म्हटलं. त्या दुपारी शेजारच्या मुलांच्या विभागात एका पाच वर्षांच्या मुलीला मी ग आणि क मधला फरक शिकवला होता. हात गळ्यावर ठेव, आत भुणभुण लागते का बघ. ती सवय बोटांत राहिली होती बहुतेक. माझा डावा हात माझ्याच गळ्यावर होता, आणि हुं-हुं करताना बोटांना भुणभुण लागली.

घास तसाच तोंडात राहिला.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. परीक्षेत विचारलं असतं तर मी अचूक लिहिलं असतं, की तोंड मिटून केलेल्या हुंकारातही स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, बोलताना आपटतात तसेच. पण माझ्या कानांनी चोवीस वर्षं ठरवलेलं होतं, हुंकार म्हणजे बोलणं नव्हे. हुंकाराने आईचा नेम मोडत नव्हता. कॅरलनी मला निवडलं होतं कारण मी त्याला बोलायला लावणार नाही, आणि मी बाराव्या दिवशी, अजून लाल असलेल्या त्याच्या स्वरतंतूंना पंधरा मिनिटं हसत हसत कामाला लावलं होतं. वर त्याला एक खेळ शिकवून पाठवलं होतं. हॉटेलात आता तो हेच करत असेल. चहा मागताना. मॅनेजरशी. सोमवारपर्यंत.

मावशीने विचारलं, तिखट झालंय का? मी मान हलवली. हलवतानासुद्धा घशातून काही निघू नये याची काळजी घेतली.

त्याचा नंबर माझ्याकडे नव्हता. तो फक्त कॅरलकडे होता. कॅरलचा घरचा नंबर क्लिनिकच्या कागदावर होता, तातडीच्या वेळी म्हणून. म्हणजे रस्ता एकच होता. त्या रस्त्यावर मला कॉलेजमधून काढतील का, व्हिसाचं काय होईल, बाबांना काय सांगायचं, हे सगळं होतं. पण खोटं बोलत नाही, मला सगळ्यात जास्त भीती वाटत होती ती फोन उचलल्यावर पहिलं वाक्य बोलायची. त्यांना हाक काय मारायची इथपासून. शनिवारी सकाळी मी वाक्य कागदावर लिहून काढलं, पाठ केलं, सहा आकडे दाबले आणि रिसीव्हर ठेवला. शेजारच्या खोलीत सईने ते गाणं लावलं होतं. वरचा स्वर आला तेव्हा मी उशी कानांवर दाबली.

मग मी कॉलिंग कार्ड काढलं आणि घरी फोन लावला. साडेनऊ वाजले होते, म्हणजे नागपूरला आठ. वेळ मी बघितली नव्हती की बघूनच केला होता, आजही नक्की सांगता येणार नाही. बाबा कॉलनीच्या मीटिंगला गेले होते. फोन आईने उचलला आणि म्हणाली, "हुं?"

ती जेवत होती. फोन जेवणाच्या टेबलाशेजारीच असतो. मी ठेवायला हवा होता. त्याऐवजी मी बोलायला लागले. नाव घेतलं नाही, एक पेशंट म्हटलं, गाणारा माणूस म्हटलं. तिला उलट काही विचारता येत नव्हतं म्हणून मला सगळं सांगता आलं. तिने मध्ये दोनदा हुं केलं, ते ऐकते आहे अशा अर्थाचं होतं. मी तिच्या हुंकारांची नक्कल करून दाखवली हे सांगितलं तेव्हा काहीच केलं नाही. त्याचा आवाज गेला तर तो माझ्यामुळे जाईल आणि मला ते सांगायची हिंमत होत नाही, असं म्हणून मी थांबले. कार्डावरची मिनिटं जात होती. पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"त्या बाईंना फोन केलास का?"

मला आधी कळेना की हे कोण बोललं. मी म्हटलं, "आई, तू बोललीस."

"हो. केलास का?"

"नाही."

"मग माझ्याशी काय बोलत बसलीस. ठेव."

बाबांनी नंतर सांगितलं, अर्धा भात टाकून ती उठली आणि झोपेपर्यंत दूधसुद्धा घेतलं नाही. इतक्या वर्षांत माझी दहावीची परीक्षा, बाबांचं ऑपरेशन, स्वयंपाकघरात साप निघाला तो दिवस, कशानेही तिचा नेम मोडला नव्हता. साप निघाला तेव्हा तिने फक्त एक फार मोठा हुंकार दिला होता.

मी कॅरलना फोन केला. पाठ केलेलं वाक्य निघालंच नाही. मी म्हटलं, "कॅरल, माझ्याकडून चूक झाली." पहिल्यांदाच त्यांचं नाव घेतलं, ते असं.

त्यांनी विचारलं, किती वेळ? मी म्हटलं दहा मिनिटं, कदाचित पंधरा. किती मोठ्याने? मला दुसरं माप सुचेना, मी म्हटलं, जेवणाच्या टेबलावर पलीकडच्या माणसाला ऐकू जाईल इतपत. मग म्हणाल्या, मी त्याच्या मॅनेजरला आत्ता कळवते. आणि सोमवारी त्याला हे तू सांगायचंस, मी शेजारी बसेन. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. रविवारभर मी त्या आवाजाचा अर्थ लावत बसले.

सोमवारी तो राखाडी स्वेटरमध्येच आला. मी उभी राहूनच सांगितलं, मध्ये एकदा पाणी प्यायले. माझी चूक, मला माहीत असायला हवं होतं, मला माहीत होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता. पाटीवर त्याने काहीतरी लिहिलं, बोटाने पुसलं, परत लिहिलं आणि पाटी आमच्याकडे वळवली.

"गुणगुणणं चालत नाही हे मला अठराव्या वर्षापासून माहीत आहे."

मग ते पुसून, बारीक अक्षरात, "आत काही उरलंय का बघायचं होतं. तू मला निमित्त दिलंस. हॉटेलातही केलं. माफ कर."

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला राग आला, आणि तो चेहऱ्यावर दिसू नये म्हणून मी कॅरलकडे पाहिलं. त्या त्याच्यावर रागावलेल्या होत्या, उघड, एखाद्या मुलावर रागवावं तशा. त्यांना तो एका शब्दानेही उत्तर देऊ शकत नव्हता. मग राग गेला आणि माझ्या लक्षात आलं की गेले दोन आठवडे खिडकीपाशी माझ्या शेजारी जो शांत बसायचा, तो शांत नव्हताच. मी त्याला माझ्यासारखा समजत होते. तो आतल्या आत कान लावून बसला होता.

कॅमेऱ्याची बारीक नळी नाकातून घालून कॅरलनी बघितलं, त्याला आवाज न करू देता. लाल डाग लहान झाला होता पण गेला नव्हता. आणखी एक आठवडा. मी नंतर कॅरलना एकटं गाठून विचारलं, डाग राहिला तो माझ्यामुळे, त्याच्यामुळे, की राहणारच होता? कॅरल म्हणाल्या, "ते आपल्याला कधीच कळणार नाही." त्यांनी हे धीर द्यायला म्हटलं असावं. माझ्यासारख्या माणसाला यापेक्षा शिक्षा बरी. शिक्षेला शेवट असतो.

तो आठवडा मी कानांनी जगले. मराठी मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम जवळ आला होता आणि मावशीच्या बेसमेंटमध्ये तालमी चालायच्या. काकांना एक नाट्यगीत म्हणायचं होतं. सुरुवात करण्याआधी ते इतक्या जोरात खाकरायचे की मी जिन्यावरच दचकायची. एकदा न राहवून मी म्हटलं, काका, खाकरू नका, पाणी प्या. काका म्हणाले, आमच्या घराण्यात खाकरूनच सुरुवात करतात. सगळे हसले. सई हसली नाही, ती या दिवसांत कुणाशी फारशी बोलत नव्हती. तिने त्याचा फोटो दारावरून काढून आत, पलंगाशेजारी लावला होता. मला तिला सांगावंसं वाटायचं, की तो आठवड्यातून तीनदा माझ्यासमोर येऊन बसतो, की त्याला तुझ्याइतकीच भीती वाटते. मी तिला चहा करून द्यायची. मेपलचं अर्धं झाड लाल झालं होतं. ते सुंदर दिसतं आहे असं सगळे म्हणत होते, म्हणून मीही म्हणायची.

त्या आठवड्यात तो आणखी दोनदा आला. हुंकाराचं नाव कुणी काढलं नाही. पाटीवरही त्याने फार काही लिहिलं नाही. आम्ही पार्किंग लॉट बघत बसायचो आणि मला वाटायचं, आता हा माझ्यासमोर श्वाससुद्धा जपून घेतो आहे.

पुढचा सोमवार. कॅरलनी नळी घातली, डाव्या हाताने कॅमेऱ्याचा पडदा आमच्या बाजूला वळवला. मी खुर्चीच्या मागे उभी होते. स्वरतंतूंच्या दोन कडा दिसल्या, ओल्या, मोत्यासारख्या पांढऱ्या. कॅरलनी कॅमेरा फिरवून त्याच जागेवर दोनदा आणला. लाल कुठे नव्हतं.

"आता ई म्हण," त्या म्हणाल्या. "हळू. बोलण्याच्या सुरात."

त्याने तोंड उघडलं. काही आलं नाही.

आवाज लागत नव्हता असं नाही, तो लावतच नव्हता. पडद्यावर सगळं दिसत होतं, दोन्ही कडा लांब लांब, उघड्या, थांबलेल्या. नळीमुळे त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. हॉटेलच्या खोलीत चोरून गुणगुणणारा तो माणूस आता परवानगी मिळाल्यावर गप्प होता. चोरून करताना आवाज फुटला असता तर कुणाला कळलं नसतं. इथे ते आम्ही तिघांनी एकदम पाहिलं असतं. कॅरल परत म्हणाल्या, ई. मग थांबल्या. त्यांनाही पुढे काय करायचं ते सुचत नसावं.

काही होणार नाही, असं मला म्हणता येत नव्हतं, कारण मला ते माहीत नव्हतं.

मी ई म्हटलं. सरळ, एकाच सुरात, मोठ्याने. माझा आवाज बारीक आहे आणि जरा कापतो. भिंतीला लागून तो परत माझ्याकडे आला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कॅरलनी मान वळवून पाहिलं. मी थांबले नाही. शाळेत प्रार्थनेलासुद्धा मी नुसते ओठ हलवायची.

मग माझ्या सुराखाली काहीतरी लागलं. आधी नुसती हवा, मग घोगरं, मग बरोबर तोच सूर, एक सप्तक खाली. पडद्यावर दोन पांढऱ्या कडा एकमेकींना लागल्या, सुटल्या, परत लागल्या. कॅरलनी पडद्यावरून नजर न काढता हात वर केला, चालू ठेवा असा. माझा श्वास संपत आला होता, छातीत दुखायला लागलं. मी थांबले.

तो थांबला नाही.